गोजराबाईचे हात आणि माझा चीक

मित्रांनो, मी पपई. मी म्हातारी झाले आहे असं म्हटलं तर तुम्हाला हसू येईल, कारण आंब्या-चिंचेपुढे माझं वय ते काय? पण आमच्या कुळात चौथं वर्ष लागलं की म्हातारपण आलंच. बुंधा आतून पोकळ होतो, फळं लिंबाएवढी धरतात आणि वारा जरा जोरात आला की बुंधा करकरतो. नाशिकला गंगापूर रोडच्या एका मळ्यात, घरामागच्या न्हाणीला लागून मी उभी आहे. आता फार दिवस उभी राहीन असं नाही. म्हणून म्हटलं, सांगायचं ते सांगून टाकावं.

मळा बहिरू आणि गोजराबाईचा. वांगी, मेथी, कडेला झेंडू, असा त्यांचा व्यवहार. एकोणऐंशी साली बहिरूच्या डोक्यात पपई शिरली. सातपूरला औषधाची एक कंपनी निघाली होती आणि तिला पपईचं फळ नको होतं, फळातला चीक हवा होता. चीक कुणी विकत घेतं ही गोष्टच मळ्यात नवी होती. बहिरूने ओळीने रोपं लावली. लावून एक उरलं. ते फेकवेना म्हणून गोजराबाईने न्हाणीचं सांडपाणी जिथे बाहेर पडतं तिथे खोचून दिलं. तीच मी.

उरलेलं रोप म्हणून मला कुणी खत घातलं नाही, पण पाण्याचा मला कधी तोटा पडला नाही. आणि पाणी तरी कसलं! त्या वस्तीत कुणी बाळंतीण झाली की पहिला निरोप गोजराबाईला जायचा. बाळाला न्हाऊ-माखू घालावं तर तिनेच. कुणाकडे ती जायची, कुणी तिच्याकडे बाळ घेऊन यायचं, कारण तिच्या न्हाणीला वाऱ्याकडून भिंतीचा आडोसा होता. पाटावर बसून ती पाय लांब करायची, नडग्यांवर बाळ पालथं घालायची, कोमट तेल तळहातावर घेऊन पाठीवरून असा हात फिरवायची की रडून लाल झालेलं पोर निम्म्या आंघोळीतच पेंगायला लागायचं. मग ते तेलाचं, हळदीचं, बेसनाचं पाणी मोरीतून माझ्या मुळाशी यायचं. त्या पाण्यावर मी वाढले. तिच्या हातांची चव मला बाकी कुणापेक्षा जास्त माहीत आहे, असं म्हटलं तर ती फुशारकी समजू नका.

फुलं आली तेव्हा आमच्यातली कोणती झाडं नर आणि कोणती मादी ते कळलं. नर झाडं बहिरूने बहुतेक तोडून टाकली. मग फळं धरली आणि आमचंही काम सुरू झालं.

आता चीक म्हणजे काय ते सांगते. पपई कच्ची असते तेव्हा तिच्या सालीखाली पांढरं दूध असतं. किडा-अळी चावायला आली की ते तिच्या तोंडात जातं आणि तिला आतून पोखरतं. आमच्याकडे ना काटे, ना जाड साल, मग पोटच्या फळाला सांभाळायचं कसं? त्यासाठी हा चीक. फळ पिकलं की तो आपोआप ओसरतो. मी तो मुद्दाम करत नाही आणि मला तो आवरताही येत नाही.

कंपनीचा माणूस आला तो जयराम पगारे. प्रयोगशाळेत काम करणारा, शास्त्र शिकलेला, तिशीच्या आतला गृहस्थ. लुना लावून तो माझ्या सावलीत बसला. पपईची सावली ती काय, पण बहिरूने खाट तिथेच टाकली होती. गोजराबाईने चहा आणून ठेवला, पदर सारखा केला आणि ती निंदायला परत वाफ्यात गेली. साहेब घरधन्याशी बोलतात तेव्हा बाईमाणसाने मध्ये थांबायचं नाही, अशी तिथली रीत. मित्रांनो, त्या रीतीने पुढे काय केलं ते पाहाल.

पगारे मोठ्या हौसेने समजावत होता. तुमच्या पपईच्या चिकात एक एन्झाइम आहे, म्हणाला, मराठीत विकर म्हणतात. विकर म्हणजे काम भराभर उरकून देणारा कामगार. भाकरीचा घास नुसता तोंडात धरून खूप वेळ चावा, गोड लागायला लागतो की नाही? तुमच्या लाळेतलं विकर पिठाची साखर करतं. आपण खाल्लेलं पचतं तेही अशाच विकरांमुळे. प्रत्येकाचं काम ठरलेलं. पिठावर चालतं ते मांसावर चालत नाही, आणि पपईतलं मांसावर चालतं, कारण मांस ज्या प्रथिनांचं बनलेलं असतं त्यांचे ते तुकडे करतं. त्याला पपेन म्हणतात. बहिरू हसला. त्याने सांगितलं, कोंबडा निबर निघाला की आमच्यातही रश्शात कच्च्या पपईची फोड टाकतात. पगारे म्हणाला, ते हेच. आणि यादी सांगत सुटला: याच्या पचनाच्या गोळ्या होतात, चामडं मऊ करायला हे लागतं, बाटलीतली बियर थंड केल्यावर गढूळ होऊ नये म्हणूनही घालतात. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! न्हाणीकाठची उरलेली पपई मी, आणि माझा चीक कुठे कुठे जाणार.

चहा संपता संपता पगारेने आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी शब्दाशब्दाने ऐकली. चीक हाताने गोळा करू नका. लाकडी सुरी घ्या. हाताला लागला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, कारण हे हातालाही सोडत नाही. बहिरू ‘बरं बरं’ म्हणाला. तेवढ्यात विषय ब्लेडवर गेला, मग ताटल्यांवर, मग चीक न्यायला गाडी कधी येणार त्याच्यावर.

चीक गोळा करणार होती गोजराबाई. आणि ती वाफ्यात वाकलेली होती.

बहिरू वाईट माणूस नव्हे. संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं ते एवढंच, की फळांना उभ्या चिरा द्यायच्या, चीक ॲल्युमिनियमच्या ताटलीत घ्यायचा, उन्हात वाळवायचा, जपून कर. ‘जपून’ म्हणजे सांडू नको, असं ती समजली. कुणीही तेच समजलं असतं.

काम सकाळी, ऊन व्हायच्या आत. बहिरू बांबूच्या टोकाला ब्लेड बांधून हिरव्या फळांवर बारीक चिरा ओढायचा. चिरेतून दूध टपटपायचं, बुंध्याला बांधलेल्या ताटलीत पडायचं आणि बघता बघता दह्यासारखं थिजायचं. बहिरू पुढच्या झाडाकडे, गोजराबाई मागून. तिने लाकडी सुरी घेतली नाही, कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती बोटांनी घ्यायची. दुधाचं भांडं रिकामं झालं की कडेची साय बोटाने निपटून घ्यायची, दुधाचा थेंब वाया घालवायचा नाही, ही तिची लहानपणापासूनची सवय. फळाच्या चिरेत थिजलेला चीक ती नखाने ओढून घ्यायची, ताटलीचा तळ अंगठ्याने पुसून घ्यायची, आणि ओळ संपेपर्यंत हात धुवायची नाही. हातावर जे वाळायचं तेही शेवटी खरवडून ताटलीत. इतक्या निगुतीने काम करणारी बाई दुसरी मिळाली नसती. तिची निगुतीच तिच्या मुळावर आली.

एकदा आभाळ आलं आणि चीक वाळेना. दूध नासू नये म्हणून तापवतो तसा तिने तो चुलीवर ठेवला. तो तपकिरी झाला. कंपनीने परत पाठवला आणि निरोप दिला की हा मेलेला आहे, फार उष्णता लागली की विकर कामातून जातं. बहिरू तिच्यावर खेकसला. ती बिचारी ओशाळली आणि दुसऱ्या खेपेपासून आणखी काळजी घ्यायला लागली, म्हणजे आणखी निपटून घ्यायला लागली. मला ओरडावंसं वाटलं. पण झाडाला तोंड असतं का?

आधी तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली. मग साल निघायला लागली. मग अंगठ्याला आणि तर्जनीला चिरा पडल्या, अगदी माझ्या फळांना पडतात तशा उभ्या. ती म्हणाली, नव्या साबणाचा सोडा लागला असेल. साबण बदलला. मग म्हणाली, झेंडूचे हार ओवताना दोरा कापतो. हळद लावली, लोणी लावलं. जरा बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याखाली हजर, तीच बोटं त्याच चिरेत. फळांना कडेने हात लावत ती मला म्हणायची, ‘भरलीस गं बाई.’ आणि मी तिच्या उघड्या मांसावर माझा चीक सोडत होते.

मी काय काय करून पाहिलं ते ऐका. एक पान गाळलं. तिने ते उचलून उकिरड्यावर टाकलं. एक कच्चं फळ तिच्यापुढे पाडलं. तिने हळहळून ते पदरात घेतलं आणि संध्याकाळी त्याची भाजी केली. चीक आटवावा म्हणून मुळांनी पाणी ओढायचंच नाही असं ठरवलं, पण न्हाणीचं पाणी येत राहिलं आणि मुळं पीत राहिली. झाडाच्या हातात असतं ते इतकंच.

त्याच सुमारास तिची लेक कला बाळंतपणाला माहेरी आली. दिंडोरीकडे दिलेली, पहिलटकरीण. गोजराबाईच्या अंगात बळ संचारलं. सगळ्या वस्तीची पोरं हिने नडग्यांवर घेतली, आता स्वतःच्या लेकीचं येणार. जो भेटेल त्याला ती सांगायची, सव्वा महिना बाळाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. तेलासाठी वेगळी वाटी काढून ठेवली, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवली. सुई धरताना बोट दुखायचं, तर ती फडकं गुंडाळून शिवायची.

मात्र वस्तीतल्या बायका हळूहळू तिला बोलवेनाशा झाल्या. एक सून आपलं बाळ घेऊन आली होती. गोजराबाईने हात पुढे केले, त्या सुनेने ते पाहिले आणि खालच्या आवाजात म्हणाली, ‘राहू द्या मावशी, आज पुसूनच घेते.’ गोजराबाई हसली आणि पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला. त्या दिवशी माझ्या मुळाशी पाणी आलं नाही. कला म्हणायची, आई, दवाखान्यात दाखव. तर ही म्हणे, तुझं एकदा मोकळं होऊ दे, मग माझं बघू.

कलाला मुलगी झाली. सरकारी दवाखान्यातून घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीत पाणी तापलं. चीक काढायचं काम त्या दिवशीही झालं होतं, गाडी येणार होती ना. गोजराबाईने हातांवर घाईत दोन तांबे पाणी घेतलं, पुसले, पाटावर बसली, पाय लांब केले. नात नडग्यांवर पालथी घातली. वाटीतलं तेल तळहातावर घेतलं. तेल चिरांत गेलं तसा तिने श्वास रोखलेला मला दिसला, पण हात मागे घेतला नाही. तिने तो बाळाच्या पाठीवर ठेवला.

पोर अशी किंचाळली की बहिरू मळ्यातून धावत आला. कलाने झडप घालून तिला दुपट्यात उचललं. दुपट्यावर लाल डाग होते. कला विचारू लागली, ‘आई, रगत कुठून आलं?’ सगळ्यांनी बाळ उलटंसुलटं करून पाहिलं. बाळाला काही झालेलं नव्हतं. खरबरीत बोटं नाजूक पाठीला टोचली होती, एवढंच. रक्त आजीचं होतं.

गोजराबाई तशीच पाय लांब करून बसली होती. रिकाम्या नडग्यांशेजारी तापवलेलं पाणी गार होत होतं.

दुपारी गाडीबरोबर या खेपेला पगारे स्वतः चीक न्यायला आला आणि ताटली घेताना त्याने तिचे हात पाहिले. त्याचा चेहराच उतरला. हे कशाने झालं मावशी, म्हणून विचारलं. ती सोड्याचं सांगायला लागली. तो बहिरूकडे वळला.

‘बहिरूभाऊ, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला.’

बहिरू खाली बघत म्हणाला, ‘व्हय. हिला सांगायचं राहून गेलं.’

मित्रांनो, ‘लगेच हात धुवा’ एवढं एकच वाक्य. ते वेळेवर इकडून तिकडे गेलं असतं तर मला आज ही गोष्ट सांगावी लागली नसती.

या वेळी पगारे खाटेवर बसला नाही. तो गोजराबाईसमोर जमिनीवर बसला आणि तिलाच समजावू लागला. भुईमुगाच्या शेंगा फोडता ना मावशी? शेंग फोडली, दाणे टाकले, की हात पुढच्या शेंगेला मोकळे. शेंगा संपतात, हात संपत नाहीत. हे विकर तसं आहे. एक तुकडा पाडतं आणि पुढच्याला भिडतं, स्वतः खर्च होत नाही. म्हणून बोटावर राहिलेला कणही धुवेपर्यंत काम करत राहतो. वाळला की झोपतो, घाम आला की पुन्हा उठतो.

गोजराबाईने आपल्या बोटांकडे पाहिलं. ‘म्हंजी त्याला मटण कंचं नि माझं बोट कंचं, ते कळत नाय?’

‘नाही मावशी. त्याला फक्त मांस कळतं.’

ती माझ्याकडे वळून पाहील असं मला वाटलं. रागाने का होईना, पाहावं. पण ती घराकडे पाहत होती. आत बाळ झोपलं होतं. तिने विचारलं, ‘तिला तर नाय ना काही होणार?’ तो म्हणाला, नाही होणार, पण जखमा भरेपर्यंत आणि नखांतलं सगळं जाईपर्यंत बाळाला हात लावू नका. दवाखान्यातही दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं आणि दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या.

पुढची आंघोळ घालायला शेजारची धोंडाबाई आली. कला म्हणाली, आई, तू आत बस, तुला बघवायचं नाही. पण गोजराबाई ऐकेना. तिने पाट मांडायला लावला, त्याच्यावर बसली आणि पाय लांब केले. म्हणाली, हात नायत तर नायत, पाय तर हायेत. मग बाळ तिच्या नडग्यांवर ठेवलं. तेल धोंडाबाईने लावलं, पाणी धोंडाबाईने घातलं. गोजराबाई तोंडाने सांगत होती, मानेखाली धर, कानात पाणी जाऊ देऊ नको, आता कुशीवर घे. आणि पट्ट्या बांधलेले दोन्ही हात तिने वर धरले होते, दूर, बोटं फाकून. माझी पानंही तशीच असतात, लांब देठांवर वर धरलेली, बोटं फाकलेली, कशालाच न लागणारी. त्या दिवशी न्हाणीत आम्ही दोघी तशाच होतो.

सव्वा महिना तसाच गेला. जखमा भरल्या तोवर कलाचा नवरा तिला न्यायला आला. निघताना कलाने बाळ आईच्या ओंजळीत दिलं. गोजराबाईने ते धरलं, आणि मग विचारलं, ‘हिचं अंग मऊ हाय ना गं?’ बोटांना अजून कळत नव्हतं.

तुम्हाला वाटेल, चीक काढणं बंद झालं असेल. नाही झालं. हरसूलकडून कामाला बायका आल्या, कंपनीने रबरी हातमोजे दिले. ते उन्हात उकडायचे, फाटायचे, बायका काढून ठेवायच्या. पण एक फरक पडला. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी गोजराबाई बादली भरून ओळीच्या तोंडाशी ठेवायची आणि प्रत्येक बाईपुढे आपले दोन्ही हात धरायची. ‘बघा गं, हे निपटून घेतल्याचं हाय. वाया गेला तर जाऊ द्या, हात धुवा.’ कुणी धुवायच्या, कुणी हसून पुढे जायच्या.

आमची चिरा पडलेली फळं बाजारात कुणी घेईना. ती बेकरीवाल्यांकडे गेली, साखरेत मुरली, लाल-हिरवी झाली. केकवर, आइस्क्रीमवर तुम्ही जी टुटीफ्रुटी वेचून खाता, तिच्यात आमच्यातली कुणीतरी असेल. खुशाल खा. शिजून साखरेत मुरल्यावर चिकाची खोड गेलेली असते.

आता माझ्या फळांत चीक फारसा उरला नाही. काल बहिरू बुंध्यावर थाप मारून गेला. उद्या-परवा तो मला पाडील आणि इथे दुसरं काही लावील. याचं मला दुःख नाही, झालं तेवढं पुष्कळ झालं. माझं मागणं वेगळं आहे. मित्रांनो, माझा चीक किंवा कुठलंही असं औषध, खत, सोडा कुणाच्या हाती द्यायची वेळ आली, तर त्याची ताकद सांगताना त्याचा दातही सांगा. आणि तो मळ्याच्या मालकाला, चहा पिणाऱ्याला सांगून थांबू नका. ज्याचे हात त्यात बुडणार आहेत, त्याला गाठून सांगा.

आणि एवढं एक करा. बहिरू कुऱ्हाड घालील तेव्हा माझ्या बुंध्यातूनही चीक येईल, पानांच्या देठांतूनही येईल. पाडण्याचं काम त्याचं, पण पाडलेलं ओढून बांधावर नेण्याचं काम या मळ्यात नेहमी गोजराबाईचं असतं. ती वाकेल, मला दोन्ही हातांनी कवेत धरील. नव्या कातडीच्या त्या हातांनी.

तेव्हा मला बोलता येणार नाही. तुम्ही कुणी जवळपास असाल तर मला बांधावर टाकून ती वळताच तिला म्हणा, मावशी, आधी हात धुवा.